जबडा दुखतोय आणि परीक्षा तोंडावर: सजगतेचा सराव नेमका कुठे उपयोगी पडतो

प्रश्न थोडक्यात असा: "मी 22 वर्षांची, मूळची देवासची. इंदूरला भंवरकुआं भागात खोली घेऊन एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करते. सात-आठ महिन्यांपासून उजवा जबडा आणि कानशील दुखतंय, सकाळी तोंड उघडताना कट्ट आवाज येतो. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दात चांगले आहेत म्हणाले आणि रात्री लावायची प्लेट दिली. थोडा फरक पडला, पण दुखणं गेलं नाही. क्लासच्या सरांनी माइंडफुलनेस करायला सांगितलं. ॲप लावून डोळे मिटून बसले, तर जबडा जास्तच जाणवायला लागला, म्हणून सोडून दिलं. आई म्हणते, टेन्शन घेतेस म्हणून होतं, सगळं मनाचं आहे. हे खरंच मनाचं आहे का? आणि ध्यानाने बरं होईल का?"

उत्तर:

आईचं बोलणं तुला लागलेलं दिसतंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. दुखणं खरं आहे. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट केलंस तर बोटाखाली काहीतरी सरकतं, तो जबड्याचा सांधा. गालात दाढांच्या बाहेरून उतरणारा चावण्याचा मोठा स्नायू आणि कानशिलावर पसरलेला दुसरा, हे दोघे प्रामुख्याने हा सांधा चालवतात. तुझ्या वर्णनावरून हे स्नायू थकलेले आणि दुखरे झालेले वाटतात. तपासल्याशिवाय निदान मी सांगणार नाही, पण विशी-तिशीतल्या मुलामुलींमध्ये, त्यातही मुलींमध्ये जास्त, जबडेदुखीचा हाच प्रकार सगळ्यात नेहमीचा. मी मुखरोगाची डॉक्टर आहे, बरीच वर्षं इंदुरात जबडा दुखणारे विद्यार्थी पाहते आहे आणि त्यांच्यासाठी सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, वर्गही घेते. "मनाचं आहे" हे ऐकून आलेली मुलं माझ्याकडे आधीच निम्मी हरलेली येतात, म्हणून हे इतकं ठासून सांगते.

स्नायू थकतात कशाने, हे नीट समजून घे, पुढचा सगळा सराव त्यावरच उभा आहे. आराम चालू असताना आपले ओठ मिटलेले असतात, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. मध्ये बारीकशी फट असते. दात टेकतात ते चावताना आणि गिळताना, आणि चोवीस तासांतला हा सगळा वेळ जोडला तरी अर्ध्या तासाच्या आतच भरतो. आता तू लायब्ररीच्या केबिनमध्ये चार तास बसतेस तेव्हा काय होतं? पुस्तकावर मान झुकलेली, हनुवटी तळहातावर टेकवलेली, आणि दात एकमेकांवर ठेवलेले. करकचून आवळायचीही गरज नाही. नुसते हलके टेकवून ठेवले तरी चावण्याचा स्नायू पूर्ण सैल पडत नाही, आणि तसा तो तासन् तास राहतो. बहुतेकांना "रात्री दात खाते" एवढंच माहीत असतं, कारण ते खोलीतल्या मैत्रिणीला ऐकू जातं. दिवसाचं आवळणं बिनआवाजी असतं, म्हणून ते कुणाच्याच लक्षात येत नाही, आवळणाऱ्याच्याही नाही.

महिनोन्‌महिने असं चाललं की आणखी एक गोष्ट घडते. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्यात मेंदू आणि मज्जारज्जू त्या भागाकडून येणारे संदेश मोठे करून ऐकू लागतात. खरचटलेल्या गुडघ्यावर नुसता कपडा घासला तरी झोंबतो, तसं होतं. नेहमीचं चावणं, नेहमीची जांभईसुद्धा दुखायला लागते. इथे झोप, धास्ती, चिडचिड यांचा वाटा येतो, आणि आईच्या बोलण्यात खरं असलेलं तेवढंच. अमेरिकेत ओपेरा नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे महत्त्वाचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. 18 ते 44 वयाच्या, सुरुवातीला जबडा न दुखणाऱ्या लोकांवर त्यांनी काही वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांची झोप बिघडत गेली, ज्यांना अंगात इतरत्रही दुखण्या-खुपण्याच्या तक्रारी होत्या, ज्यांच्या मनावर ताण जास्त होता, त्यांना पुढे हे दुखणं सुरू होण्याची शक्यता जास्त निघाली. पण ताणामुळे दुखणं वाढतं, म्हणून ते खोटं ठरत नाही. ताणाने वाढलेला रक्तदाब काय काल्पनिक असतो? आईला हे वाचून दाखव.

सरावाकडे वळण्याआधी तपासणीचं एकदा मनातून पक्कं करू. एक्स-रे झाला, दात ठीक, हे चांगलंच. तरी स्वतः आरशात एक बघ: आपलीच तीन बोटं, उभी एकावर एक, पुढच्या दातांच्या मध्ये जातात का? जात असतील तर तोंड पुरेसं उघडतंय. जात नसतील, जबडा मध्येच अडकून बसत असेल, गालाला सूज आहे, ताप आहे, हनुवटी किंवा ओठ बधिर झालाय, वजन उतरतंय, यातलं काहीही असेल तर ध्यान वगैरे बाजूला ठेवून आधी डॉक्टर. तुझ्या वयात अक्कलदाढ अर्धवट वर येऊन तिच्याभोवतीची हिरडी सुजते, तेव्हाही तोंड उघडताना असंच दुखतं. आणि आपल्या भागात एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, मुलींनासुद्धा: सुपारी खातेस का? मध्य प्रदेशात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण गोड सुपारीच्या पुड्या रात्रीच्या अभ्यासाला जागं राहायला म्हणून कितीतरी मुलं चघळतात. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक, पांढुरकं होत जातं, तिखट खाल्लं की आग होते आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. हा वेगळा आणि गंभीर आजार आहे. त्यात कर्करोगाचा धोका असतो, आणि त्याला सजगता औषध नाही. सुपारी बंद आणि तपासणी लगेच.

तो कट्ट आवाज? दुखत नसेल, जबडा अडकत नसेल, तर त्याची काळजी सोड. सांध्यात एक लहानशी चकती असते, ती जागेवरून थोडी सरकून परत येते तेव्हा असा आवाज होतो. कितीतरी माणसांना तो आयुष्यभर येतो आणि काही करावं लागत नाही. मुद्दाम तोंड वाकडं करून आवाज काढून बघायची सवय मात्र बंद कर.

आता तुझा मुख्य प्रश्न. ॲप लावून बसलीस आणि जबडा जास्त जाणवला, हे अपेक्षितच होतं. दुखणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी डोळे मिटून "शरीराकडे लक्ष द्या" म्हटलं की लक्ष जातं ते थेट दुखण्यावर, तिथेच चिकटतं, आणि मग त्याच्याशी झटापट सुरू होते. माझ्या अनुभवात जबडेदुखीत सजगतेचं पहिलं काम डोळे मिटून करायचंच नसतं. ते उघड्या डोळ्यांनी, पुस्तक समोर असताना, दिवसभरात पुन्हा पुन्हा करायचं असतं, आणि ते एवढंच: दात टेकले आहेत हे पकडणं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. एका विद्यार्थिनीबरोबर घडलेलं सांगते. ती ठामपणे म्हणत होती की मी दात आवळतच नाही. मी तिला मोबाइलवर सराव-चाचणी उघडायला सांगितली आणि तिचीच दोन बोटं तिच्या कानशिलावर ठेवली. पहिले काही प्रश्न सरळ होते, बोटांखाली काही हाललं नाही. मग शेकडेवारीचा एक किचकट प्रश्न आला. तिने तो एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचायला लागली, आणि कानशिलावरचा स्नायू बोटांखाली टणक होऊन वर आला. ती थांबली, माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. तिने दात सोडले, स्नायू खाली बसला. पुन्हा प्रश्नाकडे बघितलं, पुन्हा वर आला. त्यासोबत श्वासही धरला जात होता, हे तिचं तिनेच सांगितलं. नंतर तिला मला काही पटवून द्यावं लागलं नाही. तूही हे आज करून बघ. खोलीत एकटी असताना, जड वाटणाऱ्या विषयाचा पेपर समोर ठेवून.

पकडायचं कसं? निश्चयाने होत नाही, कारण अभ्यासात बुडालेल्या माणसाला निश्चय आठवत नाही. म्हणून बाहेरची खूण लागते. मी टिकल्या लावायला सांगते, कपाळाला लावतो त्याच, लहान, एका ठळक रंगाच्या. पाण्याच्या बाटलीवर एक, मोबाइलच्या मागे एक, केबिनच्या दिव्याच्या बटणाजवळ एक, वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक. टिकली दिसली की तीन गोष्टी बघायच्या: दात टेकलेत का, जीभ कुठे आहे, श्वास चालू आहे की धरलाय. मग मनातल्या मनात, आवाज न करता "न" म्हणायचं. "न" म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे जाऊन बसतं आणि दात आपोआप सुटतात. जीभ तिथेच राहू दे, ओठ अलगद मिटू दे, खांदे खाली येऊ दे, एक श्वास पूर्ण सोडून दे आणि परत अभ्यासाला लाग. फार तर दहा सेकंदांचं काम.

इथे दोन गोष्टी सांभाळ. दात टेकलेले सापडले की स्वतःवर चिडायचं नाही. "परत आवळले, मला एवढंही जमत नाही" असं म्हणताना जबडा आणखी घट्ट होतो, हे कानशिलावर बोट ठेवून तपासता येईल. सापडले म्हणजे सराव झाला, इतकंच. दुसरं, जबडा जबरदस्तीने सैल ठेवत बसू नकोस. दिवसभर तोंड किंचित उघडं धरून बसणारी मुलं मी बघते, त्यांचे दुसरे स्नायू दुखायला लागतात. सोडायचं आणि विसरायचं. पुढची टिकली आठवण करून देईल. चार-पाच दिवसांनी डोळ्यांना त्या टिकल्यांची सवय होते आणि त्या दिसेनाशा होतात, तेव्हा जागा बदल, रंग बदल.

पहिल्या आठवड्यात तुला वाटेल की मी पूर्वीपेक्षा जास्त आवळते आहे. तसं नसतं, आता ते दिसू लागलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून एक लहान वही कर. सापडलं त्या वेळी काय चाललं होतं, एवढं दोन शब्दांत लिही: "चालू घडामोडी", "बाबांचा फोन", "रिझल्टची चर्चा", "भूक". ही वही फार बोलकी असते. कुणाचा जबडा अभ्यासात सैल असतो आणि मोबाइलवर रील बघताना घट्ट होतो. कुणाचा फक्त घरून फोन आला की. आपला कुठे आहे हे कळलं की तेवढ्याच जागी जास्त टिकल्या लागतात.

बसून करायचा सराव मी साधारण दोन आठवड्यांनंतर सुरू करून देते, आणि तोही पायांपासून. पाठ टेकवून बस किंवा आडवी हो, डोळे मिटणं सक्तीचं नाही. तळपाय जमिनीला कुठे टेकलेत, टाच, बोटं, उबदार आहेत की गार, हे तीन-चार मिनिटं. मग हाताचे तळवे. मग पोटाचं वर-खाली होणं. जबडा या काळात दुखेल, बोलावेल. "हो, दुखतंय" एवढं मनात म्हणून परत तळपायांवर यायचं. लक्ष हलवता येतं, ते दुखण्याला जखडलेलं नाही, हे आधी अंगवळणी पडलं पाहिजे. तो भरवसा आल्यावर जबड्याकडे जायचं, तेही थेट मध्यभागी नको. जिथे दुखणं संपतं ती कड शोध. गालावर कुठपर्यंत आहे? कानाकडे किती? ओढ आहे, ठणका आहे, जडपणा आहे की कळ? एका श्वासात वाढतं का, दुसऱ्यात उतरतं का? थोडा वेळ तिथे राहून परत पायांवर. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. अभ्यासाच्या दिवसात मी पाऊण तास बसायला सांगत नाही. मुलं तीन दिवस करतात आणि सोडतात.

या बसण्यातून जे मिळतं ते माझ्या मते सगळ्यात मोलाचं. गालातली ओढ ही एक गोष्ट, आणि "आज परत सुरू झालं, आता रात्रभर झोप नाही, उद्याची टेस्ट गेली, यंदाही होणार नाही, बाबांना काय सांगू" ही दुसरी. दोन्ही इतक्या लागोपाठ येतात की एकच वाटतात. रोज थोडं बसलं की या दोन्हींमधला जोड दिसायला लागतो. ओढ राहते, पण तिच्यामागून येणारी ती माळ सुरू होताना पकडता येते, आणि "ही काळजी आहे" असं म्हणून तिला वाहू देता येते. तिच्याशी वाद घालायचा नाही, ती खोटी आहे असंही स्वतःला सांगायचं नाही. माळ तुटली की जबडा आणखी आवळला जात नाही, आणि दुखण्याचं दुखण्याला खतपाणी मिळणं तिथे थांबतं.

जेवणाबद्दल थोडं. इंदुरात राहून जीभ मारायला सांगणार नाही. सकाळचे पोहे उत्तम, वरची शेव बारीक असू दे. अख्खा भुट्टा दातांनी तोडायचा नाही, पण भुट्ट्याचा कीस पोटभर खा. बाफले वरणात चांगले कुस्करून. पानीपताशासाठी, म्हणजे पाणीपुरीसाठी, तोंड वासावं लागतं, ते काही आठवडे राहू दे. गजक, चिक्की, कडक शेव, च्युइंग गम बंद. गम तर पूर्णच बंद कर, टेन्शन घालवायला म्हणून मुलं तासभर चघळतात आणि दुखऱ्या स्नायूला ओव्हरटाइम करायला लावतात. घास लहान घे आणि दोन्ही बाजूंनी चाव. दुखतं म्हणून एकाच बाजूने चावलं की काही दिवसांनी दुसरी बाजूही तक्रार करते. पातळ खिचडीवरच महिनोन्‌महिने राहू नकोस. पूर्ण विश्रांतीने स्नायू अशक्त होतात आणि चावण्याची भीती बसते. दिवसातलं एक जेवण मोबाइल बाजूला ठेवून, चव घेत, सावकाश जेव. हाही सरावच.

योगवर्गाला जात असशील तर: भ्रामरी जरूर कर. तिच्यात ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवायचे असतात, म्हणजे आपल्याला हवी तीच स्थिती, आणि लांब उच्छ्वास आयता मिळतो. सिंहासन सध्या करू नकोस, जबडा पूर्ण ताणून उघडणं दुखऱ्या सांध्याला सोसत नाही. जांभई आली की जीभ टाळूला लावून ठेव, तोंड आपोआप बेताचं उघडतं. घरात रामरक्षा किंवा अथर्वशीर्ष म्हणायची सवय असेल तर मोठ्याने म्हण, म्हणताना दात आवळता येत नाहीत. पण पाठ म्हणताना मन उद्याच्या टेस्टवर असतं, म्हणून टिकलीचं काम त्याने होत नाही. दोन्ही कर.

पुरावा काय, हे तू विचारलं नाहीस, पण स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी आहेस, विचारायला हवं होतंस. जुनाट दुखण्यासाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन काबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, तो औषधांनी दुखणं न गेलेल्या रुग्णांसाठीच. 2016 मध्ये 342 जणांवरचा एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला, तो जुनाट कंबरदुखीवरचा. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे 44 जणांच्या रोजच्या कामात सहा महिन्यांनी लक्षणीय सुधारणा होती, सजगता शिकलेल्यांत सुमारे 60, आणि विचार-वर्तन पद्धतीने (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार) शिकलेल्यांत 58 च्या आसपास. म्हणजे फायदा खरा आहे, पण सगळ्यांना होत नाही, आणि दुसरी एक पद्धत जवळपास तितकीच चांगली आहे. हे कंबरेचं झालं. जबड्यासाठी खास सजगतेवरचे मोठे अभ्यास अजून कमी आहेत. जबडेदुखीच्या उपचारांवर 2023 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने तज्ज्ञगटाची शिफारस छापली. तिच्यात विचार-वर्तन उपचार, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, हाताने केलेले स्नायूंचे उपचार आणि घरी करायचे व्यायाम यांना ठाम पाठिंबा आहे. नुसत्या शिथिलीकरणाची, म्हणजे पडून राहून अंग सैल करण्याची, शिफारस केलेली नाही. म्हणूनच मी तुला "शांत बस, बरं वाटेल" असं सांगत नाही. माझ्याकडे सजगता नेहमी व्यायामाबरोबर आणि सवय बदलण्याबरोबर असते, एकटी कधीच नाही. जवळच्या चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन जबड्याचे आणि मानेचे व्यायाम समोर करून शिकून घे. ओल्या गरम कपड्याने पंधरा मिनिटं शेकणं रोज रात्री करता येईल.

तुझ्या प्लेटबद्दल त्याच शिफारशीत फारसा उत्साह नाही. प्लेट दातांची झीज वाचवते, स्नायूचं काम थांबवतेच असं नाही. पण ती तुझ्या डॉक्टरांनी तुझे दात बघून दिली आहे आणि थोडा फरक आहे, तर त्यांना विचारल्याशिवाय फेकू नकोस. ऑनलाइन मिळणाऱ्या, गरम पाण्यात घालून चावायच्या रबरी प्लेटा घेऊ नकोस. आणि "दात घासून चावा बदलू" असं कुणी सुचवलं तर थांब, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. घासलेला दात परत येत नाही.

रात्री दात खाणं सजगतेने थेट थांबवता येत नाही, झोपेत कोण लक्ष ठेवणार. पण झोप सुधारता येते. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी कमी कर, झोपायच्या आधी अर्धा तास स्क्रीन बंद, आणि अंथरुणावर पडल्यावर तळपायांपासूनचा तो सराव. दुखण्याच्या गोळ्या किती घेतेस तेही वहीत लिही. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस गोळी लागत असेल तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी बसू शकते, आणि कानशील दुखतं म्हणून आणखी गोळी, असा फेरा सुरू होतो. तसं असेल तर स्वतःहून काही करण्यापेक्षा डॉक्टरांना आकडा सांग.

परीक्षेच्या दिवसासाठी वेगळं. हॉलमध्ये टिकली नेता येणार नाही, म्हणून पेपरमधलीच एक खूण ठरव: उत्तरपत्रिकेवर दहा गोळे भरून झाले की एकदा "न". हे घरच्या प्रत्येक टेस्टमध्ये आधी करून बघ, म्हणजे त्या दिवशी ते आठवावं लागणार नाही. प्रीलिम्सच्या आठवड्यात दुखणं वाढलं तर सगळं वाया गेलं असं समजू नकोस, जवळपास सगळ्यांचं वाढतं. त्या आठवड्यात बसण्याचा सराव पाच मिनिटांवर आण, पण टिकल्या चालू ठेव.

फरक कशावर मोजायचा? नुसत्या "आज किती दुखलं" यावर नको. नाश्ता न घाबरता झाला का, किती वेळ सलग वाचता आलं, गोळ्या कमी झाल्या का, रात्री किती वेळा जाग आली, हे बघ. पुष्कळदा दुखणं तेवढंच असतं आणि आयुष्य मात्र रुंदावलेलं असतं, मग दुखणंही हळूहळू उतरतं. आठ आठवडे दे.

एक गोष्ट काळजीने सांगते. शांत बसलं की काही मुलांना धडधडायला लागतं, जुन्या नको त्या आठवणी वर येतात, किंवा रडू थांबत नाही. असं झालं तर बसण्याचा सराव तिथेच थांबव. डोळे उघड, पाय जमिनीवर दाब, चालायला जा, आणि एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने पुढे जा. दिवसेंदिवस कशातच जीव लागत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर जबडा नंतर. केंद्र सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट आहे. घरी न सांगताही तिथे बोलता येतं. तरी आईशी बोल असं मी सुचवेन. तिला "टेन्शन घेऊ नको" याच्यापलीकडे काय करावं हे माहीत नाही, आणि तिला करण्यासारखं काम आहे: फोनवर आधी अभ्यासाची चौकशी न करता जेवलीस का, झोपलीस का हे विचारणं.

मध्येच कधी तीन बोटं जाईनाशी झाली किंवा जबडा अडकायला लागला तर लगेच, आणि आठ आठवड्यांनी वहीतल्या नोंदींत काहीच हललं नसेल तरी, मुखरोग किंवा जबड्याच्या सांध्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासून घे. इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ही तपासणी कमी खर्चात होते. जाताना एक्स-रे, प्लेट आणि ती वही, तिन्ही सोबत ने.